सिक्स्थ फॉर्मच्या चौदा पत्रांपैकी कशाला हो म्हणायचं?

पुण्याहून ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला आलेल्या एका ताईंनी विचारलंय. मुलगी दहावी करून आली आणि सप्टेंबरपासून तिथल्या सरकारी शाळेच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे अकरावी-बारावीच्या वर्गात, जाते. विषय गणित, फर्दर मॅथ्स आणि फिजिक्स, पुढे इंजिनिअरिंग. सहा आठवड्यांत शाळेकडून चौदा पत्रं आली: एनरिचमेंट (पूरक उपक्रम), ईपीक्यू (स्वतंत्र प्रकल्प), ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्काराचं गोल्ड, मॅथ्स चॅलेंज, ख्रिसमस शो, लहान मुलांना शिकवणं, चॅरिटी वीक, वर्क एक्स्पीरियन्स आणि वर अकराशे पाउंडांची स्की ट्रिप. बाबा म्हणतात, अभ्यास सोडून हे काय? ओळखीचं एक मराठी कुटुंब म्हणतं, दहा सर्टिफिकेटं नसतील तर लंडनचं इम्पिरियल कॉलेज विसरा. मुलगी म्हणते ‘सगळं ठीक आहे’ आणि खोलीत जाऊन बसते. आणि आजी फोनवर विचारतात, सोळा वर्षांच्या पोरीला परत सहावीत का घातलं?

मी मूळची सांगलीची. गेली १९ वर्षं इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत फिजिक्स शिकवते आणि त्यातली सात वर्षं सिक्स्थ फॉर्मच्या पहिल्या वर्षाची प्रमुख होते. ही पत्रं लिहिणारी मीच असायचे म्हणा ना. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे पुढचं सगळं इंग्लंडपुरतं धरा.

आधी आजी. इथे पूर्वी मुलं अकराव्या वर्षी माध्यमिक शाळेत गेली की पहिल्या वर्गाला फर्स्ट फॉर्म म्हणत. पाचव्या फॉर्मच्या शेवटी, सोळाव्या वर्षी मोठी परीक्षा. त्यानंतरही जे शिकत राहत ते सहाव्या फॉर्ममध्ये. तो दोन वर्षांचा, म्हणून लोअर सिक्स्थ आणि अप्पर सिक्स्थ. १९९०च्या सुमारास यिअर वनपासून यिअर थर्टीनपर्यंत सलग आकडे आले, बाकीचे फॉर्म गेले, सहावा तेवढा नावापुरता उरला. त्यामुळे यिअर ट्वेल्व्ह म्हणजे आपली अकरावी आणि यिअर थर्टीन म्हणजे आपली बारावी. हे नातेवाइकांना एकदा नीट समजावून टाका, नाहीतर ‘यंदा बारावी ना गं?’ म्हणून तिला वर्षभर आधीच घाबरवून सोडतील.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही विचारलंत ‘किती आणि कोणत्या’. पण त्या चौदा पत्रांत वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी एकाच लेटरहेडवर आल्यात. काही करावंच लागतं. काही विद्यापीठाच्या अर्जाला उपयोगी पडतं. आणि काही अशा असतात की त्या केल्या म्हणून मुलगी त्या शाळेतली एक होते. आपल्याकडचे आईवडील मधल्या मुद्द्यावर वाद घालतात आणि शेवटचा धरतच नाहीत. माझं मत सरळ सांगते: नव्यानं आलेल्या मुलीसाठी पहिल्या वर्षी तो शेवटचाच मुद्दा सगळ्यात मोठा. तो जमला तर अर्जात लिहायला आपोआप काहीतरी मिळतं. उलट्या बाजूनं सुरुवात केली, म्हणजे अर्जात काय छान दिसेल ते आधी ठरवून मुलीला त्यात ढकललं, तर मात्र बहुतेक वेळा दोन्ही हातचं जातं.

जे करावंच लागतं ते पटकन संपवू. टाइमटेबलवर बुधवारी दुपारी एनरिचमेंट असं छापलं असेल तर ते ऐच्छिक नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यामागे सरकार शाळेला पैसे देतं ते वर्षाला किमान ५८० नियोजित तासांच्या कार्यक्रमासाठी. २०२२च्या आधी हा आकडा ५४० होता. त्यात ए-लेव्हलचे, म्हणजे या दोन वर्षांच्या मुख्य विषयांचे तास आले, ट्यूटरचा, म्हणजे वर्गशिक्षकाचा तास आला, वर्क एक्स्पीरियन्स आणि एनरिचमेंटही आलं. हजेरी घेतली जाते. आपल्याकडच्या टाय-अप कॉलेजात ‘हजेरीचं बघू, तुम्ही क्लास करा’ असं चालतं, तसं इथे चालत नाही. त्या दोन तासांत काय करायचं ते मात्र ती निवडू शकते, म्हणून पहिली गोष्ट तिथेच बसवा. तेवढाच घरचा वेळ वाचतो.

बाबांच्या शंकेला उत्तर देण्याआधी या दोन वर्षांचं कॅलेंडर समजून घ्या, कारण मला वाटतं खरी गफलत तिथे होते. आपल्या डोक्यात असतं की अकरावी जरा आरामाची आणि बारावीत सगळं. इथे विद्यापीठाचा अर्ज यिअर थर्टीनच्या सुरुवातीलाच जातो. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक मेडिकल कोर्सेसची मुदत १५ ऑक्टोबरच्या सुमारास, बाकीच्यांची जानेवारीत. म्हणजे शेवटची परीक्षा व्हायच्या चार ते आठ महिने आधी. मग विद्यापीठ बघतं काय? आधीचे ग्रेड, आणि शिक्षकांनी वर्तवलेले ग्रेड, म्हणजे प्रेडिक्टेड ग्रेड्स. हे ठरतात मुख्यत्वे यिअर ट्वेल्व्हच्या शेवटी, जूनच्या आसपास होणाऱ्या शाळेच्या परीक्षेवरून. त्या परीक्षेला बाहेर कुणी ओळखत नाही, पण माझ्या मते या दोन वर्षांतली सगळ्यात निर्णायक परीक्षा तीच. जूनमध्ये ती झाली की जुलैमध्ये वर्क एक्स्पीरियन्सचा आठवडा, सुट्टीत अर्जाचा मसुदा, सप्टेंबरमध्ये यिअर थर्टीन.

म्हणून काही नवं करायचं असेल तर त्याची जागा आत्तापासून एप्रिलपर्यंत. मे-जून अभ्यासाला सोडायचे. आणि यिअर थर्टीनमध्ये नवं काहीही सुरू करायचं नाही, चालू असलेलंच संपवायचं. शाळेला हे माहीत असतं, म्हणूनच पत्रांचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो. तुम्हाला तो हल्ला वाटला. आमच्या बाजूनं ती घाई असते.

दहा सर्टिफिकेटांचं आता बघू. यूकास म्हणजे विद्यापीठांचे अर्ज घेणारी संस्था. तिच्या अर्जात सर्टिफिकेट जोडायची सोयच नाही. आहे ते एक निवेदन, स्पेससकट ४००० अक्षरांचं, आणि तेच निवेदन तुम्ही निवडलेल्या पाचही ठिकाणी जातं. २०२६च्या प्रवेशापासून त्याचं रूप बदललं. पूर्वी सलग निबंध असायचा, आता तीन प्रश्न असतात: हा विषय का, आतापर्यंतच्या शिक्षणानं त्यासाठी तुमची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर आणखी काय केलंत व त्याचा उपयोग काय. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं हवं. तुमची मुलगीही याच पद्धतीनं अर्ज करेल. बहुतेक मुलं पहिल्या दोन प्रश्नांवर जास्त जागा खर्च करतात आणि ते बरोबरच आहे. तिसऱ्याला हजार-बाराशे अक्षरं उरतात. त्यात दहा गोष्टी कोंबल्या तर ती किराण्याची यादी होते.

वर ऑक्सफर्ड-केंब्रिजसारख्या ठिकाणी प्राध्यापक स्पष्टच सांगतात की विषयाशी संबंध नसलेल्या उद्योगांना प्रवेशात वजन नाही. नेटबॉलची कॅप्टन होतीस, छान, पण भौतिकशास्त्राबद्दल बोल. केंब्रिजच्या इंजिनिअरिंगला आणि इम्पिरियलच्या बहुतेक इंजिनिअरिंग शाखांना ईसॅट नावाची वेगळी प्रवेश परीक्षा असते, केंब्रिजसाठी ती ऑक्टोबरमध्येच द्यायची. इम्पिरियलचं गणित हे असं आहे: वर्तवलेले ग्रेड, ईसॅट, आणि मग विषयाबद्दलची खरी ओढ. सर्टिफिकेटांची फाइल त्यात कुठेच येत नाही.

तर मग बाबांचंच बरोबर, असं तुम्हाला वाटेल. थांबा. इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता, तोही बाहेरून आलेला, अबोल. शाळेच्या नाटकाच्या लाइट्सचं काम तो करायचा. नोव्हेंबरमध्ये त्याचे मेकॅनिक्सचे मार्क घसरले. मी त्याच्या वडिलांना फोन केला आणि सांगितलं, हे लाइट्सचं तूर्त बंद करा. वडील खूश, त्यांना तेच हवं होतं. जानेवारीत मार्क होते तिथेच. शिवाय आता तो सकाळच्या पहिल्या तासाला उशिरा यायला लागला, मग दांड्या. मी त्याला शेजारी बसवून त्याची वही पाहिली तेव्हा कळलं की उतरत्या पृष्ठभागावरच्या बलाचे घटक कसे पाडायचे हेच त्याला सप्टेंबरपासून समजलेलं नव्हतं. साइन कुठे, कोसाइन कुठे, तो अंदाजानं टाकत होता. अंदाज चुकला की सगळं गणित चुकायचं. लाइट्सचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. उलट लाइट्स होते म्हणून तो सकाळी लवकर शाळेत येत होता, चार जणांशी बोलत होता. मी आजारावर औषध द्यायचं सोडून त्याचं जेवण बंद केलं. फेब्रुवारीत मी स्वतः जाऊन ड्रामाच्या बाईंना सांगितलं की त्याला परत घ्या. घटकांचं प्रकरण आम्ही तीन मधल्या सुट्ट्यांत संपवलं.

तेव्हापासून मार्क घसरले की मी पहिल्यांदा वही बघते. ‘काय काय बंद करायचं’ हा प्रश्न नंतर.

आता तुमच्या पत्रांकडे येते. मी क्रम माझ्या आवडीनं लावतेय.

सगळ्यात आधी जे पत्र तुम्ही बहुधा बाजूला टाकलं असेल: यिअर सेव्हनच्या मुलांना वाचायला किंवा गणिताला मदत करण्याचं. आठवड्यातून एकदा, एक ट्यूटर टाइम नाहीतर जेवणाची सुट्टी, अकरा वर्षांचं एक पोर आणि तुमची मुलगी. इतक्या वर्षांत बाहेरून आलेल्या मुलांसाठी याहून चांगलं काही माझ्या पाहण्यात आलेलं नाही. मोठ्या मुलांच्या घोळक्यात जिची बोबडी वळते ती अकरा वर्षांच्या पोराशी बिनधास्त बोलते. ते पोर तिचे उच्चार न लाजता सुधारतं, शाळेतल्या कुठल्या सरांची कोणती खोड आहे ते सांगतं आणि कॉरिडॉरमध्ये दिसली की हाक मारतं. ज्या शाळेत आपल्याला कुणीतरी नावानं हाक मारतं ती शाळा आपली वाटायला लागते. शिवाय भागाकार अकरा वर्षांच्या मुलाला समजावून सांगता येणं ही फर्दर मॅथ्सवालीसाठीही चांगलीच परीक्षा आहे.

ड्यूक ऑफ एडिंबरा, इथल्या मुलांच्या तोंडी डी ऑफ ई. १९५६ साली सुरू झालेला हा पुरस्कार भारतातही इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल या नावानं चालतो, त्यामुळे पुण्यात तिनं ब्राँझ-सिल्व्हर काही केलं असेल तर ते शाळेला जरूर सांगा. नसेल तर थेट गोल्डला बसता येतं, पण मग काम वाढतं. गोल्डला बारा महिने सेवाकार्य. शारीरिक आणि कौशल्य या दोनपैकी एक बारा महिने आणि दुसरं सहा. घरापासून लांब, अनोळखी लोकांबरोबर पाच दिवस-चार रात्री राहणं. आणि चार दिवस-तीन रात्रींची डोंगरातली मोहीम. सिल्व्हर केलेलं नसेल तर सेवाकार्य किंवा त्या दोनपैकी जे बारा महिन्यांचं असेल ते आणखी सहा महिने करायचं. आठवड्याला साधारण तासभर प्रत्येकी. ऐकायला डोंगराएवढं वाटतं. पण आपल्या मुलांचं निम्मं आधीच चालू असतं, फक्त त्याची नोंद होत नाही. भरतनाट्यम शारीरिकमध्ये बसतं. तबला, पेटी कौशल्यात. रविवारच्या मराठी शाळेत लहानांना शिकवणं हे सेवाकार्य. एकच अट पाळा: कामाची नोंद तपासून सही करणारी व्यक्ती घरातली चालत नाही. मावशीची सही परत येते, हे मी दर वर्षी बघायचे.

मोहिमेबद्दल मात्र मुलीला आधीच कल्पना द्या. सिंहगड चढून वर पिठलं-भाकरी आणि दही मिळतं, तसलं इथे काही नाही. लेक डिस्ट्रिक्टमध्ये किंवा वेल्सच्या डोंगरांत पाठीवर तंबू, स्टोव्ह, चार दिवसांचं जेवण, आणि पाऊस. चार ते सात जणांचा गट, नकाशा त्यांनीच वाचायचा, वाटही त्यांनीच चुकायची. शिक्षक लांबून लक्ष ठेवतात. शाकाहारी असेल तर गटाच्या जेवणाच्या बैठकीत तिनं आधीच तोंड उघडायला हवं, नाहीतर डब्यातलं सॉसेज समोर येतं. चार दिवस एका तंबूत काढलेल्या मुली पुढे सहसा मैत्रिणी होतात. किंवा आयुष्यात पुन्हा बोलत नाहीत, दोन्ही पाहिलंय. पुरस्कार पूर्ण करायला पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत मुदत असते, त्यामुळे यिअर थर्टीनमध्ये सगळं उरकायची धावपळ करू नका. मोहीम मित्रमैत्रिणी आहेत तोवर करायची, बाकी सावकाश.

ईपीक्यूवर मी बहुतेक शाळांपेक्षा जरा कडक आहे. हा स्वतः निवडलेल्या प्रश्नावरचा प्रकल्प, अर्ध्या ए-लेव्हलच्या तोलाचा. ए-लेव्हलच्या ए-स्टारला ५६ यूकास गुण, याच्या ए-स्टारला २८. साधारण १२० तासांचं काम, त्यातले ३० शिकवण्याचे आणि ९० तिचे स्वतःचे; शेवटी सुमारे ५००० शब्दांचा अहवाल, किंवा एखादी वस्तू बनवून तिच्याबरोबर छोटा अहवाल, आणि विषय न जाणणाऱ्या श्रोत्यांसमोर सादरीकरण. साउदम्प्टनसारखी काही विद्यापीठं ईपीक्यूत चांगला ग्रेड असेल तर प्रवेशाची अट एका ग्रेडनं सैल करतात. लालूच आहे खरी. पण गणित, फर्दर मॅथ्स आणि फिजिक्स या त्रिकुटाचा पहिल्या वर्षाचा भार मी रोज बघते. स्वतःचा प्रश्न नसताना घेतलेला ईपीक्यू मार्चमध्ये गळ्यातलं लोढणं होतो. तेव्हा तिला म्हणा, जानेवारीपर्यंत एखादा प्रश्न तुला आपणहून छळायला लागला तर घे, नाहीतर राहू दे. प्रश्न शोधायला लांब जायची गरज नाही. ब्लेचली पार्क तुमच्याच शहरात आहे. त्याच आवारातल्या नॅशनल म्युझियम ऑफ कंप्युटिंगमध्ये कलोसस आणि बॉम्ब या दुसऱ्या महायुद्धातल्या संकेतभेदी यंत्रांच्या चालत्या प्रतिकृती आहेत. एखाद्या शनिवारी घेऊन जा आणि ती कुठल्या यंत्रापुढे रेंगाळते ते गुपचूप बघा.

विषयाशी जोडलेलं आणखी थोडं. यूकेएमटी या गणिताच्या संस्थेचं सीनियर मॅथ्स चॅलेंज, २५ प्रश्न, दीड तास, शाळेतच होतं. याला बसवाच, वेळ जात नाही आणि वेगळी तयारीही लागत नाही. फिजिक्ससाठी केंब्रिज विद्यापीठाचं आयझॅक हे संकेतस्थळ फुकट आहे. आठवड्याला पाच-सहा गणितं तिथली सोडवली तर कुठल्याही क्लासची उणीव भासणार नाही. शाळेत ग्रीनपॉवरचा गट आहे का तेही विचारा. मुलं २४ व्होल्टची बॅटरीवर चालणारी रेसिंग गाडी स्वतः बांधतात आणि ट्रॅकवर पळवतात. सोळाच्या वरच्यांसाठी वेगळा गट असतो. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलीनं अर्जात ‘मला टीमवर्क आवडतं’ असं लिहिलं तर वाचणारा पुढच्या अर्जाकडे वळतो. ‘शेवटच्या पंधरा मिनिटांत आमची बॅटरी का बसायची आणि दातेरी चाकांचं प्रमाण बदलल्यावर काय झालं’ असं लिहिलं तर तो थांबतो.

ख्रिसमस शो. याला वेळेचा अपव्यय म्हणणाऱ्या बाबांना त्यांच्या कॉलेजच्या गॅदरिंगची आठवण करून द्या. फरक इतकाच की आपल्याकडे स्नेहसंमेलनाची सूत्रं सरांच्या हातात असतात आणि इथे सगळं सिक्स्थ फॉर्मची मुलं करतात. शिक्षक पहिल्या रांगेत बसून स्वतःच्या नकला बघतात. माझी नक्कल दर वर्षी व्हायची: साडीत, हातात स्प्रिंग बॅलन्स. मी शाळेत एकदाही साडी नेसलेली नाही, पण असो. वर्ष संपताना निरोपाच्या दिवशी ‘सगळ्यात आधी करोडपती कोण होणार’ छापाची बक्षिसं वाटतात, ती म्हणजे आपले फिशपाँडच. स्टेजवर जायची गरज नाही. पडदा, आवाज, तिकिटं, कपडे, माणसं कायमच कमी असतात, आणि पडद्यामागे ओळखी लवकर होतात. एकूण खर्च डिसेंबरच्या दोन-तीन संध्याकाळी.

चॅरिटीची कामं, सप्टेंबरमधली कॉफी मॉर्निंग, नोव्हेंबरातला चिल्ड्रन इन नीड, डिसेंबरातले ते भयानक स्वेटर, हे आपोआप होतं. एक डबा नानकटाई पाठवा. हेड स्टुडंटची निवडणूक वसंतात येईल. पहिल्याच वर्षी तिच्या मागे लागू नका.

वर्क एक्स्पीरियन्सला मात्र लवकर लागा. जुलैचा आठवडा असला तरी जानेवारी-फेब्रुवारीत पत्रं गेली पाहिजेत, कारण अठराच्या आतली मुलं घ्यायची तर मालकाला विम्याची आणि सुरक्षेची कागदपत्रं शाळेला द्यावी लागतात. पत्र तिनं स्वतः लिहावं. बाबांच्या ओळखीनं मोठ्या कंपनीच्या चकाचक ऑफिसात आठवडाभर मीटिंगमध्ये मागे बसण्यापेक्षा एखाद्या गॅरेजमध्ये किंवा छोट्या मशीन शॉपमध्ये हात काळे केलेले बरे. मुलाखतीत बोलायला त्यातूनच मिळतं.

आता जिथे माझं म्हणणं बदलेल ते सांगते. अमेरिकेलाही अर्ज करायचा असेल तर हिशेब वेगळा. तिथल्या कॉमन ॲपमध्ये दहापर्यंत उपक्रमांची यादीच मागतात आणि वर्षानुवर्षं टिकून केलेल्या गोष्टींना किंमत असते. डिग्री अप्रेंटिसशिपकडे, म्हणजे पगार घेत पदवीकडे वळायचं असेल तर कंपन्या ‘गटात भांडण झालं तेव्हा तू काय केलंस’ असले प्रश्न विचारतात, तिथे शो आणि मोहीम कामाला येते. पण देशात किती वर्षं राहिलात याच्या अटी असतात, त्या आधी बघा. त्याच ओघात एक न विचारलेला सल्ला: तुमच्या व्हिसावर मुलीला विद्यापीठाची फी इथल्या दरानं लागेल की परदेशी विद्यार्थ्यांच्या, हे आजच तपासा. चौदा पत्रांपेक्षा त्या एका उत्तरानं तुमचं नियोजन जास्त बदलेल. भारतात जेईईसुद्धा द्यायची असेल, तर प्रामाणिकपणे, यातलं एखादंच जमेल. आणि पहिल्या चाचणीत ती खरंच मागे पडली असेल तर ख्रिसमसपर्यंत फक्त बुधवारचं एनरिचमेंट आणि यिअर सेव्हनचं पोर एवढंच ठेवा, बाकी जानेवारीत.

‘सगळं ठीक आहे’बद्दल. मला तुमच्या पत्रातली ही ओळ सगळ्यात जास्त टोचली. ए-लेव्हलला तीन विषय म्हणजे आठवड्याला पंधराएक तास. मध्ये भरपूर मोकळे तास असतात. जिचा ग्रुप आहे तिला कॉमन रूममध्ये ते तास पुरत नाहीत, जिचा नाही ती लायब्ररीत एकटी बसते आणि घरी सांगते की खूप अभ्यास झाला. बाकीची बरीच मुलं अकराव्या वर्षापासून एकत्र आहेत, त्यांचे घोळके पक्के झालेत. त्यात ‘मिसळत जा गं’ म्हणून कुणी मिसळत नाही. हाताला काम असलं की मिसळणं सोपं जातं, म्हणून मी वर एवढं पाल्हाळ लावलं. शनिवार-रविवारचं मराठी मंडळही हवंच. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चाललंय ते माणसाला ही गरज असते म्हणूनच. पण प्रत्येक वीकेंड तिथेच गेला तर शाळेतल्या वाढदिवसांना ती कधीच नसेल, आणि दोनदा नाही म्हटलं की तिसऱ्यांदा कुणी बोलवत नाही.

स्कीचं पत्र रद्दीत टाका. शाळेच्या वेळेबाहेरची ती हौसेची सहल आहे, म्हणून तर पूर्ण पैसे मागता येतात. न गेल्यानं कशावरही परिणाम होत नाही, आणि अर्धा वर्ग जात नाही. अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या सहलींचं वेगळं असतं. त्यासाठी सरकारी शाळा बहुधा ऐच्छिक वर्गणीच मागू शकते, न दिल्यानं मुलाला वगळता येत नाही.

राहिलं कोणतं पत्र कधी भरायचं ते. डी ऑफ ईच्या जागा आधी भरतात, म्हणून मुलगी हो म्हणाली तर ते याच आठवड्यात. बाकीचं ठरवायच्या आधी तिच्या ट्यूटरला चार ओळींची ई-मेल करा: ती मोकळ्या तासांत कुणाबरोबर असते, कुठल्या विषयात तिला वर्गात बोलतं करावं लागतं, आणि यिअर सेव्हनच्या वाचनाला अजून जागा आहे का. ‘डिस्टर्ब केल्याबद्दल क्षमस्व’ वगैरे लिहू नका, ट्यूटरचं ते कामच आहे. दोन-तीन दिवसांत उत्तर येईल. नाही आलं तर तीच ई-मेल परत पाठवा; इथे त्याचा कुणी राग धरत नाही.